सारजाबाईचा बेस्तरवार

भरे, ४ डिसेंबर २०२५, गुरुवार

ज्ञानदा,

धप् धप्, धप् धप्.

एका उखळात दोन मुसळं. एक वर जातंय तोवर दुसरं खाली येतंय, आणि दोघी बायका एकमेकींकडे बघतसुद्धा नाहीत. एक माझी आई. दुसरी सारजा, नुकतीच लग्न होऊन गावात आलेली, बांगड्या कोपराकडं सरकवून कांडायला उभी राहणारी. मी ओट्यावर शाळेचं पुस्तक घेऊन त्या ठेक्यावर कविता म्हणायचो. अडखळलो की सारजा मुसळ वरच्या वर धरायची. "दया, तुजी कविता लंगडाया लागली बघ." अर्थ गुरुजींनी सांगितला, पण कविता कानात बसवली ती ह्या दोघींनी. नवा आंबेमोहर कांडताना जो वास सुटायचा, तो मला अजून कुठल्याही चांगल्या ओळीला येतो. तू हसशील. हस.

पुढं मीही तुला त्याच ओट्यावर, पाटावर बोटं वाजवून कविता शिकवल्या. म्हणून रविवारचा तुमचा पेपर उघडला तेव्हा मला कोणी काही सांगावं लागलं नाही.

'थंडीतले बेघर' असं पान. चार चौकटी, चार फोटो. पहिल्या फोटोखाली ठळक अक्षरात: 'चूल नाही, छत नाही, नाही कोणी आपुले.' म्हणून बघ मोठ्यानं. धप् धप्, धप् धप्. तुमच्या ऑफिसात 'आपुले' लिहिणारं दुसरं कोण आहे? ओळ तुझी. आणि ओळ चांगली जमली आहे, ते मी नाकारत नाही. फक्त ती खोटी आहे.

त्याखाली बारीक अक्षरात: 'दारोदार भिक्षा मागून गुजराण करणारी मुळशी तालुक्यातील अनोळखी, बेवारस वृद्धा.' आता तो फोटो परत काढ आणि थाळी बघ. काठावर टिंबाटिंबांनी नाव घातलंय, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं. 'सौ. सारजा'. भिंग लागत नाही, मला साध्या चष्म्यानं वाचता आलं. अनोळखी म्हणून छापलेल्या बाईचं नाव तुम्ही फोटोतच छापलंय.

थाळी झाली की उंबरा बघ. डावीकडं टवका उडालेला. तुझा पुढचा दात ज्यानं पाडला तो उंबरा तुला ओळखता आला नाही? दार आपलं आहे, बाळ. चौकटीच्या कडेला चार बोटं आली आहेत, ती माझी. मी भात वाढत होतो. वाढणारा हात तुम्ही कापलात आणि घेणारा तेवढा ठेवलात.

फोटो काढणाऱ्या पोराला मी दोष देत नाही. रिसॉर्टांचे फोटो काढायला धरणाकडं निघाला होता, इथं चहाला थांबला. "आजोबा, असेच राहा," म्हणाला. मला वाटलं माझाच फोटो काढतोय. मी टोपी सरळ केली.

सारजाचं हे सगळं तू गाव सोडल्यानंतरचं, म्हणून सांगतो. तिची खोली ज्या जागेवर होती ती जागा मालकानं विकली. तिथं आता बंगल्यांचे प्लॉट पडलेत. नवरा केव्हाच गेला, मूलबाळ नाही. मग तिनं सगळं गाव हिंडून बघितलं, भूगावला लोक फ्लॅट बघत फिरतात तसं, आणि कुशाबाच्या बंद पडलेल्या भातगिरणीची पडवी पसंत केली. म्हणाली, "ह्या गिरनीनं माजं कांडप खाल्लं, आता हिनंच मला ठिवून घ्यावं." कुशाबा काय बोलणार? त्यानं पडवीला पत्रा मारून दिला.

आणि गावानं तिला वार लावून दिले. पूर्वी शिकायला आलेली गरिबाघरची मुलं वार लावून जेवायची, आठवड्यातला एक दिवस एका घरी, तसेच. सोमवार कुशाबाचा, मंगळवार लीलाबाईचा, शुक्रवार हाफीज दुकानदाराचा, असे. गुरुवार, सारजाच्या तोंडचा बेस्तरवार, माझा. बुधवार तेवढा कोणाकडं लागला नाही, त्या दिवशी ती मंगळवारची भाकरी पुरवते. पण फुकटचं जेवत नाही. आली की आधी सूप मागते. उजेड बरा म्हणून दाराबाहेर बसून घरातला तांदूळ पाखडते, खडे काढते, गाव कसं बिघडलंय ते मला ऐकवते, आणि मग थाळी पुढं करते. ह्याला भिक्षा म्हणायचं असेल तर तुझ्या पगारालाही म्हणावं लागेल.

आता पुढचं ऐक. परवा मंगळवारी पुण्यातल्या एका निवारा संस्थेची गाडी आली. पोरांच्या हातात तुमचं पान. "ह्या आजी कुठं असतात?" लीलाबाईनं आनंदानं गिरणी दाखवली. तिला वाटलं, पेपरात आली म्हणजे सत्कारच असणार. त्यांनी सारजाला थाळीसकट गाडीत घातलं आणि नेलं. लीलाबाई इकडं तव्यावर भाकरी टाकून बसलेली.

आज गुरुवार. सवयीनं मी भात दोघांचा टाकला.

माझं म्हणणं सरळ आहे. तिचं नाव छापा, गाव छापा, ती बेवारस नाही असं छापा. म्हणजे संस्था तिला सोडेल. सोबत संपादकांच्या नावे रीतसर पत्र जोडलंय. ते छापून येईलच, शुद्ध भाषेत आहे.

आप्पा

ता.क. हे ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय. घरच्या पत्त्यावरची तू उघडत नाहीस असं दिसतं.


भरे, १४ डिसेंबर

ज्ञानदा,

माझं पत्र छापून आलं. दीड पान लिहिलं होतं, त्यातलं जे उरलं ते उतरवून देतो: 'बेघरांच्या प्रश्नाला वाचा फोडल्याबद्दल आपल्या वृत्तपत्राचे अभिनंदन. भरे येथेही अशीच एक वृद्धा असून शासनाने दखल घ्यावी. — एक वाचक, मुळशी.'

एक वाचक! सारजाचं नाव छापा म्हणून लिहिलं, तर तुम्ही माझंही काढून टाकलंत. हाफीजनं दुकानात ते मोठ्यानं वाचलं आणि वर म्हणतो, "आप्पा, तुमी पन आता अनोळखी. संस्थेची गाडी आली तर मी तुमाला वळकत न्हाई बरं का." सगळं दुकान हसलं. मीही हसलो, काय करणार?

मग आम्ही ठरवलं, पत्रं बास. काल हाफीजच्या टेम्पोनं तिघं पुण्याला त्या संस्थेत गेलो. कुशाबानं लग्नातला फेटा बांधला होता, वजन पडावं म्हणून.

जागा स्वच्छ आहे, खोटं बोलणार नाही. खाटा, ब्लँकेटं, वेळेवर चहा. व्यवस्था बघणाऱ्या मॅडम तुझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, "आजींचे नात्यानं आपण कोण?"

कुशाबा फेटा सावरत पुढं झाला. "मी सोमवार."

"काय?"

"मी सोमवार. ह्यो हाफीज, शुक्रवार. आन् हे आप्पा, बेस्तरवार."

"अहो काका, मी वार नाही विचारला. नातं विचारलं."

"त्येच सांगतुया न्हवं का बाई मगापासनं!"

हाफीज मध्ये पडला. "मॅडम, पोरगा, भाऊ, पुतण्या असं कोनी न्हाई त्यांना. पन आमच्या गावात त्या उपाशी झोपल्या न्हाईत. एवढंच नातं हाय."

मॅडमना हसू आलं होतं, पण त्यांनी फाईल उघडली. पहिल्याच कागदावर तुमच्या पेपरचं कात्रण चिकटवलेलं. "बेवारस म्हणून नोंद आहे. पेपरातसुद्धा तसंच आलंय. उद्या कोणीही यावं आणि म्हातारी बाई घेऊन जावी, असं कसं चालेल? काही झालं तर आम्ही जबाबदार." आणि त्यांचं चुकत नव्हतं, हेच वाईट. त्यांच्यापाशी पुरावा होता. पुरावा म्हणजे तुझी ओळ. तू ठेक्यासाठी लिहिलीस, तिथं तिचा शिक्का झालाय.

सारजाला भेटू दिलं. ती खाटेवर थाळी मांडीत घेऊन बसली होती. केस बारीक कापलेले. "उवा हायेत म्हनं," ती म्हणाली. "दया, मला कदी उवा हुत्या का रं?" नव्हत्या. आईनं स्वतः तिची वेणी घातलेली मी बघितली आहे.

"आज कंचा वार?" तिनं विचारलं.

"शनिवार."

"हितं समदे वार सारकेच. कळतच न्हाई बघ." मग जरा जवळ सरकून, "बेस्तरवारी जेवलास का? का चिवडा खाऊन पडलास?"

मी जेवलो म्हणून सांगितलं.

शेजारच्या खाटेवर एक बाई भिंतीकडं तोंड करून, ओढणी डोक्यावरून घेऊन पडलेली. तुमच्या पानावरची दुसरी चौकट. चांदणी चौकातल्या पुलाखाली गाठोड्यावर बसलेली, 'ना नाव, ना गाव' असं खाली लिहिलेलं, तीच. तिलाही त्याच गाडीनं आणलंय. सारजा आपल्यातला अर्धा चहा तिला देते. मला म्हणाली, "हिचं बी बघा की कायतरी."

मी म्हटलं, सारजा, तिची गोष्ट वेगळी. तिला खरोखरच कोणी नाही. आम्ही तुझ्यासाठी आलोय.

तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. जे खरे बेघर आहेत त्यांना खुशाल बेघर म्हणा. आमच्या सारजाला म्हणू नका. आणि दुरुस्ती येईपर्यंत मी लिहीत राहणार. टपालाचं तिकीट अजून मला परवडतं.

आप्पा


भरे, २८ डिसेंबर

ज्ञानदा,

तुझी चिठ्ठी मिळाली. पाकीट पेपरच्या ऑफिसचं, अक्षर थेट तुझ्या आईचं. मजकूर उतरवत नाही, तुला पाठ असेल. दुरुस्ती पान सातवर येत असल्याचं पहिल्या ओळीत. आणि दुसऱ्या ओळीत, 'शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं नाव काय, आप्पा?'

पहिल्या ओळीबद्दल शाबास. दुरुस्ती सापडायला मला सबंध चहा गार करावा लागला. निविदा-सूचनांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: 'छायाचित्रातील महिला भरे येथील सारजाबाई असून त्या बेवारस नाहीत. गावातील कुटुंबे त्यांचा सांभाळ करतात.' मुंगीएवढी का असेना, सरळ चालली. काल आम्ही तिघं पुन्हा गेलो. मॅडमनी जुन्या कात्रणावर नवं कात्रण चिकटवलं, आमच्या सह्या घेतल्या आणि म्हणाल्या, "या सोमवार, या शुक्रवार." त्यांच्या लक्षात राहिलं होतं!

निघताना सारजानं त्या बाईच्या खाटेची दांडी धरली. "हिला बी घ्या." मॅडम म्हणाल्या, त्यांचं नाव-गावच कळलेलं नाही, कुणाच्या स्वाधीन करू? मी सारजाला म्हटलं, एकेकाचं बघू, चल आता. ती चालू लागली, पण टेम्पोत पुढच्या सीटवर हाफीजशेजारी बसली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

भूगावात मात्र तिनं काचेतून मागं हाक मारली. "दया, ह्यातली ज्ञानदाची कंची रं?"

दोन्ही बाजूंना इमारतीच इमारती. मी एक दाखवली. कुठली ते विचारू नकोस.

तुझी आई गेल्यावर तू म्हणालीस, एकटे काय राहता, चला माझ्याकडं. मी म्हटलं, चौथ्या मजल्यावर मला हाक कोण मारणार? तू म्हणालीस, इथं तरी कोण मारतंय? त्यावर तेव्हा मला उत्तर सुचलं नाही आणि तू गाडी सुरू केलीस. आता सुचलंय. गुरुवारी मारतंय.

गावात उतरल्यावर लक्षात आलं, सारजाच्या हातात थाळी नाही. मी चिडलो. तिच्या लग्नातलं तेवढंच एक भांडं उरलंय. म्हटलं, विसरलीस ना तिकडं? आता हाफीजला पुन्हा हेलपाटा. तर शांतपणे म्हणते, "र्‍हाऊ दे तितं. यील मागनं." थाळीला काय पाय आहेत? वय झालं तिचं.

तुझ्या दुसऱ्या ओळीचं उत्तर माझ्यापाशी नाही. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. तीन आठवडे तुम्हाला नावावरून बोलतोय आणि त्या खाटेपासून हातभर अंतरावर दोनदा उभा राहिलो. दोन्ही वेळा मला ती तुमच्या चौकटीतल्यासारखीच दिसली, पाठमोरी. माझी फक्त सारजाच्या नावाची तक्रार होती, हे तुझ्या एका ओळीनं मला दाखवलं. लहानपणीही तू असंच करायचीस. मी कडवं म्हणून दाखवायचो आणि तू विचारायचीस, पण तिच्या आईचं पुढं काय झालं?

आप्पा


भरे, १ जानेवारी २०२६, गुरुवार

ज्ञानदा,

आजचा पेपर वाचला. पान पाच, डावीकडं खाली. नाव दिलेलं नाही, पण लिहिणारी कोण ते मला कळलं. ह्या वेळी ठेक्यावरून नाही. ठेका नाहीच त्यात.

'पुलाखालील छायाचित्रातील महिलेचे नाव फहमिदा शेख. त्या मूळच्या पौडच्या. शिवणकाम करीत. भाड्याची खोली सुटल्यावर त्या शिवणयंत्र विकण्यास तयार नव्हत्या, ते ठेवण्यास जागा शोधत होत्या. गाठोड्यात यंत्राचे सुटे भाग होते. त्यांना आल्याचा चहा आवडतो. त्या उशिरा बोलतात, पण बोलतात.'

मी हे तीनदा वाचलं. चौकटीतलं ते गाठोडं मी चिंध्यांचं समजलो होतो. तूही समजली असशील. त्यावर बसून ती बाई आपला धंदा राखत होती! ज्ञानदा, शाळेतल्या सगळ्या कविता मला अजून येतात, पण तुझी ही सहा-सात साधी वाक्यं कशावर म्हणायची ते कळेना, म्हणून नुसतीच वाचली. चांगली आहेत. ह्यापेक्षा मोठं कौतुक मला जमत नाही, तुला माहीत आहे.

हाफीजनंही वाचलं. म्हणाला, "पौडच्या शेखांची? मग आमच्या चुलतीला ठाव असनार." दुकानातली सगळी जणं पौडातले शेख मोजायला लागली. महिनाभर जिला कोणी नव्हतं, तिला चहा संपेपर्यंत निम्मं पौड निघालं.

सारजा बरी आहे. गिरणीत परतली, पत्रा पुन्हा ठोकून घेतला. केसांवरून कोणी काही बोललं की म्हणते, "पुन्यात ह्येच चालू हाय." सोमवारी कुशाबाकडं जेवली, मंगळवारी लीलाबाईकडं. लीलाबाईनं त्या दिवशीच्या भाकरीचा राग अजून धरलाय, म्हणून तिला दोन जादा खायला लावल्या. काल बुधवार, ती शिळ्यावर राहिली. तुझी साप्ताहिक सुट्टी बुधवारी असायची. अजून तीच आहे का? सहज विचारतोय.

आज माझा वार. इंद्रायणीचा भात शिजतोय, नवा, जरा गिजगिजीत होतो पण सारजाला तसाच आवडतो. तिच्यासाठी स्टीलचं ताट काढून ठेवलंय, थाळी नाही तर नाही. सूपही

कडी वाजली. आली. नंतर पुरं करतो.

सारजा नव्हती.

दारात एक उंच, वाळकी बाई. डोक्यावरून ओढणी, काखेत गाठोडं, आणि हातात सारजाची थाळी. नाव माझ्याकडं करून धरलेली, गेटावर पास दाखवतात तशी. मी टोपी सरळ केली आणि म्हटलं, "फहमिदाबाई का?"

ती दचकलीच. "वळकता मला?"

"आज पेपरात वाचलं."

तिनं उंबऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. बोलायला वेळ लागतो, तू लिहिलंयस तसंच. मी थांबलो.

"त्या पेपरच्या बाई आल्या हुत्या," ती म्हणाली. "नाव इचारलं. समदं इचारलं. मॅडमनी माजीच सही घेतली, कुटं जानार म्हनल्या. मी थाळी दाखवली. सारजाबाईंनी जाताना माज्या खाटंवर ठिवली हुती."

"आणि सारजा कुठं आहे?"

"गिरनीत. आत्ता तितनंच आले. त्यांनी आपले वार वाटले. सा हायेत म्हनल्या, तीन तुजे, तीन माजे. बेस्तरवार माज्या वाट्याला आला. त्यांचा उद्या शुक्रवार हाय." मग जरा चाचरत, "चालंल ना?"

मी आत या म्हटलं. ती आली नाही. गाठोडं उंबऱ्याच्या टवक्यापाशी जपून टेकवलं, आतलं लोखंड वाजलं. थाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आदी सूप द्या."

आता दाराबाहेर बसून पाखडते आहे. हात शिवणारे आहेत, पाखडणारे नाहीत, निम्मा तांदूळ अंगणात चाललाय. सारजा बघेल तर बोलेल. मी आत बसून सुपाचा आवाज ऐकत तुला हे लिहितोय, आणि भात उतरवायला उठतोय.

बुधवार अजून रिकामा आहे.

आप्पा